सोबत कोण येतं?

डायलिसिसच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

"ती अर्थतज्ज्ञ बाई आज इथं हवी होती."

"सरकारला सल्ला देणारी? तिला तर तुम्ही हाकललं होतं, आई."

"फॉर्म भरून नेणारे परत दिसतात का कधी?"

"ती दिसली. शहरातल्या दवाखान्यापर्यंत चार तास आपल्याबरोबर बसमधून आली."

"सगळे माझं दुखणं विचारायचे. तिनं विचारलं, सोबत कोण येतं, त्याचं काय बुडतं?"

"तेच तिनं सरकारच्या गळी उतरवलं, म्हणून हे मशीन आपल्या गल्लीत आलं."

"नाहीतर उपचार सोडणार होते मी. माझ्यापायी तुझी नोकरी जायची वेळ आली होती."

"ठाऊक होतं मला."

"मग जा आता. उशीर होईल."

सून गेली. खिडकीतून प्रश्न आला, "आजी, सोबत कोण?"

"कुणी नाही," आजी ऐटीत म्हणाल्या. "सून कामावर गेलीय."