नवसाचा कंडक्टर

मी मूळची आपट्याची, पाताळगंगेच्या काठची, लग्न होऊन नेऱ्याला गेले आणि तिकडून पनवेलला आले, म्हंजे तीन गावचं पाणी प्यायले पण एका जागी बसायचं काय मला जमलं नाय. आता बी बघा ताई, तुमच्यासमोर बसलेय तर हात चाललेत, मेथी निवडतेय, आणि कान दाराकडं हाय. आमचे हे बोलतात, बेबी, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. लागलीय तर लागलीय. पण ती पहिल्यापासून नव्हती, ती कशी लागली तेच सांगते तुमाला, आणि ते सांगायचं तर कोंबड्यापासून सांगायला पायजे.

ह्यांना तळोज्याच्या कंपनीत नोकरी लागली तेवा नेऱ्याहून रोज जाणं-येणं परवडत नव्हतं, पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रातची, म्हणून आमी पनवेलला तळ्याच्या मागं चाळीत खोली घेतली. एक खोली, पुढं ओटा, वर पत्रे, नळ सगळ्यांचा एकच. सासू नेऱ्यालाच रायली, तिला तिचं शेत आणि तिच्या कोंबड्या सोडवत नव्हत्या. ती बोलायची, पनवेलला माणूस दार लावून बसतो, मला श्वास लागंल. मोठी सुनीता चाळीतच झाली, मंग दोन वर्षांनी दिनेश.

दिनेश दोन वर्षांचा होता तेवा त्याला ताप आला. तसे पोरांना ताप येतातच, पण हा ताप उतरंना, आणि दुपारी माझ्या मांडीवरच त्याला झटके आले. काय सांगू तुमाला, डोळे पांढरे केले, दात आवळले, हातपाय लाकडागत. मी पोराला घेऊन अनवाणी पळाले, पदर कुठं, पाय कुठं, काय शुद्ध नव्हती मला. दवाखान्यात ठेवून घेतला. डॉक्टर बोलला, ताप डोक्यात चढलाय, बघू. सासू नेऱ्याहून आली, पोराकडं एकदा बघितलं, दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिकडूनच नेऱ्याच्या दिशेला हात जोडून बोलली, गावदेवी, माझा नातू उठू दे, तुला कोंबडा देईन. पोरगा उठला. डॉक्टरनं बी केलं, देवीनं बी केलं, मी कोणाचं नाकारत नाय.

आता आमच्यात कसं हाय, नवसाचा कोंबडा बाजारातून आणून त्याच दिवशी देत नाय. आपल्या घरचं पिल्लू निवडायचं, त्याला हळद लावायची, पायात लाल दोरा बांधायचा आणि देवीच्या नावानं सोडायचं. त्या दिवसापासून तो देवीचा. त्याला विकायचा नाय, पावण्यासाठी कापायचा नाय, नुसता सांभाळायचा आणि जत्रेला नेऊन तिचा तिला द्यायचा. सासूनं पिल्लू निवडलं, दोरा बांधला, पण नेऱ्याला मुंगूस लागलं होतं, रोज एक पिल्लू जायचं. ती टोपलीत घालून ते पिल्लू आमच्याकडं घेऊन आली आणि बोलली, जत्रेपर्यंत इकडं ठेवा, पण एक ध्यानात ठेव बेबी, त्याला नाव ठेवायचं नाय आणि पोरांना त्याच्याशी खेळू द्यायचं नाय. मी बोलले, बरं.

आता मला सांगा ताई, एका खोलीत दोन पोरं आणि एक पिल्लू, त्यात खेळू द्यायचं नाय म्हंजे कसं. गावाला अंगण असतं, कोंबडी कुठं, पोरं कुठं. इकडं तो चुलीच्या बाजूला, पोरं त्याच्या बाजूला, सगळे एकाच चटईवर. आठ दिवसांत दिनेशच्या मांडीत झोपायला लागला. मोठा झाला तसा दाराच्या उंबऱ्यावर उभा रायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला मान वाकडी करून बघायचा, पटलं तर आत सोडायचा नायतर पोटरीला चोच. सुनीता बोलली, आई, हा कंडक्टर हाय, तिकीट बघतो. झालं. सगळ्या चाळीचा कंडक्टर. दूधवाला बी बोलायचा, कंडक्टर, बाजूला हो, दूध सांडंल. हे रातपाळी करून येऊन झोपले की हा भर दुपारी आरवायचा. हे उशी फेकायचे आणि बोलायचे, देवीचा नसता ना, तर आज रविवार केला असता तुझा. आणि संध्याकाळी त्यालाच मांडीवर घेऊन बसायचे, तंबाखू मळता मळता त्याच्याशी कंपनीतल्या साहेबाच्या चुगल्या करायचे.

खायचं बी त्याचं वेगळंच. जमिनीवर टाकलेलं त्यानं कधी टिपलंच नाय. दिनेश त्याला तळहातावर घेऊन भरवायचा, भात, चहात बुडवलेला बटर, कधी शेंगदाणा. एक घास पोराला, एक कोंबड्याला, असं माझं ताट जायचं. पोरगा आधी जेवायला रडायचा, कंडक्टर आल्यापासून नीट जेवायला लागला, अंग धरलं त्यानं. मला बी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण मनात आत कुठं तरी टोचत असायचं. पहिल्या वर्षी जत्रा आली तर भावकीत चुलतसासरे वारले, सुतक लागलं, नवस रायला. त्या वर्षभर माझा जीव टांगणीला. दिनेश शिंकला तरी मी त्याच्या कपाळाला हात लावायची. शाळेतून बालवाडीच्या बाई बोलल्या, आज गप्प होता, की मी घरी येईपर्यंत चारदा हात लावायची. रात्री झोपेत त्याचा पाय हलला तरी उठून बसायची. ही भिंगरी तेवा लागली बघा. सासू प्रत्येक वेळी बोलायची, देवीचं ठेवून घेतलंय आपण, ती बघतेय. आणि मीच ह्यांच्या मागं लागायची, ह्या वर्षी काय बी झालं तरी जायचं, फेडून मोकळं व्हायचं. हे बोलायचे, पोरं काय बोलतील. मी बोलायची, पोरं रडतील दोन दिवस, माझा पोरगा गेला तर मी काय करू. म्हंजे बघा, घाई माझीच होती.

दुसऱ्या वर्षी चैत्रात गेलो. टेम्पोत मी, हे, दोन्ही पोरं, आणि टोपलीत कंडक्टर. सुनीता सहा वर्षांची, तिला सगळं कळलं होतं, ती टोपलीवर हात ठेवून बसलेली. मी तिच्याकडं बघितलं नाय, बाहेर वीटभट्ट्यांकडं बघत रायले. दिनेशला वाटलं कंडक्टरला गाव दाखवायला नेतोय. रस्ताभर त्याला सांगत होता, ही नदी हाय, ते आजीचं घर हाय, तिकडं तुझी आई हाय.

देवळासमोर भावकी जमलेली, ताशा चाललेला, गुलाल, नारळ, माणसांची ही गर्दी. भगतानं कंडक्टरला धुतलं, कुंकू लावलं, देवीसमोर उभा केला आणि पुढं तांदूळ टाकले. आमच्यात असं हाय ताई, कोंबड्यानं तांदूळ टिपले तर देवीनं घेतला. नाय टिपले तर कापत नाय, काय तरी अडलंय असं समजायचं. आणि कंडक्टर कशाला टिपतोय. तो जमिनीवरचं खातच नव्हता ना. उभा रायला मान वाकडी करून, बघतोय सगळ्यांकडं, तिकिटं तपासल्यासारखा. परत तांदूळ टाकले, गाऱ्हाणं घातलं. परत तेच. सासूचं तोंड काळंठिक्कर पडलं. बायका कुजबुजायला लागल्या, काय तरी चुकलंय, देवीचा कोप पोरावर हाय अजून. ते ऐकून मी मनात बोलत होते, खा बाबा, एक दाणा खा, माझ्या पोरासाठी खा.

मंग भगतच बोलला, नवस ज्याच्यासाठी बोललाय तो पोरगा कुठं हाय, त्याच्या हातानं तांदूळ दाखवा.

दिनेशला पुढं बोलावलं. भगतानं त्याच्या तळहातावर चिमूटभर तांदूळ ठेवले. पोरगा खूश. एवढी माणसं आपल्याकडं बघतायत, आणि काम काय तर कंडक्टरला भरवायचं, ते तर त्याला रोजचंच. उकिडवा बसला, हात पुढं केला आणि बोलला, ये रे कंडक्टर, ये, भूक लागली ना तुला. आणि तो आला. इतका वेळ दगडासारखा उभा होता तो टुणटुण उड्या मारत आला, दिनेशच्या हाताकडं मान खाली केली.

मला तुमाला नीट सांगता येणार नाय तेवा काय झालं. सुनीता माझा पदर ओढत होती येवढं आठवतं. मी पुढं झाले आणि दिनेशची मूठ दाबून धरली. दोन्ही हातांनी. तांदूळ आतच. तो बोलला, आई, दुखतंय. मी सोडली नाय. ताशा थांबला. भगत बोलला, बाई, हे काय करतेस. मी बोलले, त्यानं दोनदा तांदूळ टिपले नाय, देवीनं घेतला नाय, आमी परत नेतो. सासू बोलली, पोराच्या जिवाशी खेळतेस तू. मी बोलले, आई, तो पोराच्या भरवशावरच आलाय ना हाताजवळ. उद्या दिनेश मोठा होईल, त्याला समजंल की कंडक्टर माझ्या हातचं खायला आला आणि म्हणून त्याला कापला. तो मंग कोणाला भरवंल त्या हातानं. मला असा वाचलेला पोरगा नको.

हे शब्द माझ्या तोंडून गेले खरे. देवीसमोर उभी राहून मी असं बोलले होते. ह्यांनी नारळ फोडला, कंडक्टरला उचलला, खांद्यावर घेतला आणि चालायला लागले. सासू देवळातच बसून रायली, आमच्या मागं आली नाय.

मंग पावसात दिनेश तापला. सकाळपासून अंग चटका बसंल असं, डॉक्टरचं औषध दिलं, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, आणि मी खोलीत नुसती फेऱ्या मारतेय, दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत. शेवटी टोपली काढली. कंडक्टरला धरला, आत कोंबला. सुनीता भिंतीकडं तोंड करून बसली. मी टोपली उचलून उंबऱ्यात आले तर समोर सासू. भिजलेली, छत्री उलटी झालेली, कोणी तरी तिला निरोप दिलेला ताप आल्याचा. तिनं टोपली बघितली, माझ्याकडं बघितलं आणि बोलली, कुठं निघालीस. मी बोलले, नेऱ्याला, देऊन येते, माझी चूक झाली. ती बोलली, आत हो. देवीसमोरून परत आणलेला देवीला परत देत नाय. मी बोलले, मंग दुसरा सोडू. ती बोलली, सोडला होता तो हाच, दुसरा कसा चालंल. मी तिकडंच खाली बसले आणि रडले, म्हंजे आता काय मार्गच नाय काय. सासूनं टोपलीचं झाकण काढलं, त्याला बाहेर सोडला, दिनेशच्या उशाशी बसली आणि पट्टी बदलता बदलता बोलली, तोंड तुला हाय, त्या दिवशी चाललं होतं तसं आता चालव. तूच सांग देवीला काय सांगायचं ते.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. झटके नाय आले. परत कधीच नाय आले.

कंडक्टर म्हातारा होऊन मेला, गेल्या थंडीत. शेवटी त्याला दिसत नव्हतं, दिनेश हातात धरूनच भरवायचा. तळ्याच्या बाजूला पुरला. हे त्या दिवशी कामावर गेले नाय, बोलले डोकं दुखतंय. सासू त्याच्या आधीच गेली. सुनीता दहावीला हाय. दिनेश आता अंगानं माझ्यापेक्षा मोठा दिसतो, दिवसभर उंडारतो, येईपर्यंत मी दार आणि चूल, दार आणि चूल. तो हसतो मला. त्याला सगळी गोष्ट माहीत नाय. त्याला वाटतं कंडक्टरनं तांदूळ खाल्ले नाय म्हणून वाचला.

दरवर्षी जत्रेला मी जाते. नारळ ठेवते, ओटी भरते, आणि गर्दी सरली की देवीला तेच सांगते जे त्या पावसात पहिल्यांदा सांगितलं होतं. तुमी लिवताय ना ताई, तर हे नीट लिवा. मी सांगते, बाई, तुझं देणं रायलंय ते मला ठाऊक हाय, मी नाकारत नाय. पण मूठ मी दाबली होती, पोरानं तर हात उघडा केला होता तुझ्यासमोर. तेवा कधी मागायचं झालं तर माझ्याकडं मागायला ये, मी घरातच असते, जागीच असते.