मंदारचं इमर्जन्सी ब्लँकेट

तयारी कशी करावी, ते आमच्या मंदारकडून शिकावं! इंग्लंडात, आमच्या मिल्टन कीन्समध्ये थंडीची चाहूल लागायच्या आत याच्या गाडीच्या डिकीत फावडं, टॉर्च आणि एक जाडजूड लाल ब्लँकेट हजर. वर मलाच ऐकवतो, "तुम्ही लोक विंटर सीरियसली घेतच नाही रे."

गेल्या वर्षी त्याच्या गाडीतून एडिनबराला निघालो, तर बर्फानं रस्ताच बंद. पेट्रोल पुरायला हवं म्हणून यानं हीटिंगही बंद केलं. मागे त्याच्या बायकोचे, शिल्पावहिनींचे, दात वाजायला लागले.

मी म्हटलं, "अरे, ते ब्लँकेट काढ ना."

"वेडा आहेस का? नवं कोरं आहे. ते इमर्जन्सीसाठी आहे."

"मग इथे काय मुंजीला आलोय आपण?" वहिनी कडाडल्या. हा ढिम्म! रस्ता मोकळा होईपर्यंत तिघंही कुडकुडत बसलो.

परवा आमच्या वास्तुशांतीला दोघं आले. मंदारनं थाटात आहेर दिला. कागद काढला, तर आत तेच लाल ब्लँकेट, प्लॅस्टिकच्या पॅकसकट!

"राहू दे गाडीत," म्हणाला, "तुझी काहीच तयारी नसते."

मी तिथल्या तिथे पॅक टराटरा फाडला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर, शाल पांघरवतात तसं ब्लँकेट पांघरवून, शिल्पावहिनींचा सत्कार केला.