श्वास धरा

तुम्हाला सांगते, जालन्यात रेडिओलॉजी शिकायला आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर मी दोनच गोष्टी बोलायची: "श्वास धरा" आणि "सोडा".

एकदा मंठा गावाहून एक आजी तपासणीला आल्या. मी "श्वास धरा" म्हटलं, तेवढ्यात मागून सर गरजले, "पित्ताशय दाखवा! नाही सापडलं तर उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही."

मी दचकलेच. कसंबसं सापडलं, सर गेले. आणि आठवलं, आजींना "सोडा" म्हणायचं राहिलंच!

"आजी, सोडा, सोडा!"

"म्या कव्हाच सोडला, माय. तूच धरून बसलीस. सोड आता."

सोडला, तर रडूच आलं. इथं आल्यापासून महिन्याभरात पहिल्यांदाच माझ्याकडं कुणी नीट बघितलं, तेही अंधारात.