लाकूड दुसरं मिळतं

...नाही, मला एक सांगा, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क, कानांवर त्या वाट्यांसारख्या जाड कानपट्ट्या, केस बांधून टोपीत कोंबलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडून वर क्लिपा लावलेल्या, गळ्यातला स्कार्फ आईच्या ताब्यात, अशा अवस्थेत उभ्या असलेल्या माणसाला मागून कुणी ओरडून काही सांगितलं तर ते त्याला ऐकू जाणार कसं? आणि आता सगळं घर मलाच म्हणतंय, "अगं, आम्ही सगळे ओरडत होतो की!" ओरडत होतात ना? मग त्या कानपट्ट्या घातल्या कुणी? मी दुकानातून आणल्या? मला तर हजेरीला 'हजर' म्हणायचं म्हटलं तरी घाम फुटतो, मी कशाला स्वतःहून कान बंद करून घेईन... बरं, घेईनही. पण या वेळी मी घेतले नव्हते.

तुम्हाला सांगते, आमच्या बाबांचा चौकटींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराच्या मागची लांबट खोली. तिथे आरशांच्या, फोटोंच्या चौकटी होतात, आणि खोलीच्या मधोमध बसलेलं आहे ते यंत्र. मायटर सॉ. गोल पातं, वरून हँडल धरून खाली दाबायचं, आणि लाकूड तिरकं कापायचं, म्हणजे चौकटीचे कोपरे एकमेकांना नीट भेटतात. एवढंच काम. पण त्या यंत्राभोवती बाबांनी जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ मारली आहे, आणि नियम असा की पातं फिरत असताना रेघेच्या आत फक्त कापणारा. कापणाऱ्याने मागे वळून हात वर केल्याशिवाय कुणीही रेघ ओलांडायची नाही. एकदा आईने चहा द्यायला पाऊल आत टाकलं, तर बाबा तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. आई म्हणते, तेवढीच शांतता मिळाली.

आणि बाबांचं एक वाक्य आहे. ते वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकते आहे. "लाकूड दुसरं मिळतं, बोट दुसरं मिळत नाही." मी भाजी चिरत असले तरी तेच, पेन्सिलीला टोक करत असले तरी तेच. शाळेत आमच्या सरांनी बाबांना विचारलं, मुलगी वर्गात बोलत का नाही, तर बाबा म्हणाले, "न का बोलेना, बोटं शाबूत आहेत."

तर मला ते यंत्र चालवायचं होतं. का, ते विचारू नका. त्याचा आवाज सुरू झाला की कुणी माझ्याशी बोलू शकत नाही, हे एक कारण पुरेसं आहे. बाबा म्हणाले, शिक. आणि शिकवलं काय? तर थांबायला. "आधी पातं पूर्ण वेगात येऊ दे, मगच खाली आण. कापून झालं की बटण सोड. पातं थांबू दे. थांबलं? नाही थांबलं. आता? आता थांबलं. आता वर घे." हात पात्यापासून वीतभर लांब. लाकूड मागच्या आडव्या पट्टीला घट्ट टेकलेलं. एका हातावरून दुसरा हात न्यायचा नाही. छोटा तुकडा हाताने धरायचा नाही, शिकंज्यात धरायचा. कोन बदलायचा असेल तर आधी प्लग काढायचा. मी रोज शाळेतून येऊन टाकाऊ तुकड्यांची एक एक बाजू कापायचे आणि थांबायचे. एक बाजू. लक्षात ठेवा हं, एक बाजू. दुसऱ्या बाजूपर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही, कारण तोपर्यंत जेवायची वेळ व्हायची.

आणि मध्ये काका. काकांनी जन्मात करवत हातात धरलेली नाही, पण धोक्याची माहिती त्यांना सगळी. "मी एक माणूस पाहिलाय," काका म्हणायचे, "अशाच यंत्रावर नख गेलं त्याचं." दुसऱ्या वेळी त्या माणसाचं पेर गेलं. मग बोट गेलं. मग एकदा पाहुण्यांसमोर सांगताना पंजा गेला. मी म्हटलं, आता या माणसाला सोडा, किती कापाल बिचाऱ्याला... म्हणजे मनात म्हटलं. मी जे काही म्हणते ते मनातच म्हणते. शेवटी आईनेच एकदा विचारलं, "भावोजी, तो माणूस म्हणजे तुम्हीच ना? आणि ते यंत्रावर नाही, गॉगलचं प्लॅस्टिकचं पाकीट ब्लेडने उघडताना कापलं होतं ना?" काका म्हणाले, "वहिनी, रक्त ते रक्तच."

आता खरी गोष्ट आत्याची. आत्या शिवणकाम करते, कोपऱ्यावर तिचं दुकान आहे. आजोबाही शिंपी. ते ज्या टेबलावर कापड बेतायचे, त्याच टेबलाखाली बसून आत्या सुईत दोरा ओवायला शिकली. टेबलाला वाळवी लागली. सगळं गेलं, फक्त मधली एक फळी वाचली. आत्याने ती फळी बाबांपुढे आणून ठेवली. "याच्या पट्ट्या काढ आणि माझ्या दुकानातल्या उंच आरशाला चौकट कर. पण कोपरे हिने कापायचे."

"हिने?" बाबा म्हणाले.

"हिने. मुकी आहे, पण हात चळत नाही तिचा. मी बघितलंय बटणं लावताना."

बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "नीट केलंस तर यंत्र तुझंही. नाही केलंस तर झाडू तुझा." दुसरी फळी नव्हती हो. त्या टेबलाचं तेवढंच लाकूड जगात उरलं होतं, आणि ते माझ्या हातात.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळे जमले. रेघेच्या बाहेर रांगेत. कसं वाटतं सांगू? फळ्यावर गणित सोडवताना सगळा वर्ग मागे उभा असावा तसं. आई हातमोजे घेऊन आली, स्वयंपाकघरातले, गरम भांडी उचलायचे. "हे घाल गं, जाड आहेत."

"हातमोजे चालत नाहीत," बाबा म्हणाले. "पातं मोजा ओढतं, आणि मोज्यात हात असतो."

"मग चिलखत तरी घाला तिला," काका म्हणाले. "मी एक माणूस पाहिलाय..."

"त्याचा आज खांदा जाणार," आई म्हणाली.

मग एकेकाने मला सजवलं. बाबांनी कानपट्ट्या चढवल्या, आईने मास्क बांधला, मास्कमधून श्वास वर गेला आणि गॉगलवर धुकं धरलं. जाता जाता बाबांनी कानपट्टी उचलून आत वाक्य सोडलं. "लाकूड दुसरं मिळतं, बोट दुसरं मिळत नाही." आणि पुन्हा बंद केली. आत ते वाक्य घुमत राहिलं.

मी पहिली बाजू कापली. पातं थांबू दिलं. वर घेतलं. सुंदर. आता चौकटीचं असं असतं की पट्टीचं एक टोक या अंगाला तिरकं, तर दुसरं त्या अंगाला. म्हणजे दुसऱ्या टोकासाठी यंत्राचं तोंड उलट वळवायचं. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की प्लग जोडलेला असताना कोनाला हात लावायचा नाही, हातावरून हात न्यायचा नाही, आणि नजर पात्यावरून हलवायची नाही. मी नुसती पट्टी पुढे सरकवली आणि दुसरं टोकही त्याच अंगाला कापलं. थांबले. वर घेतलं. पुढची पट्टी.

मागे काय चाललं होतं, ते मला नंतर आईने करून दाखवलं. बाबा ओरडत होते, "उलट, उलट फिरव!" काका दोन्ही हातांनी हवेत कोन दाखवत होते. आत्या म्हणाली, "अरे जा की, थांबव तिला!" आणि बाबा रेघेवर पायाची बोटं टेकवून उभे. "हात वर केला नाही अजून तिने."

"बापाचं टेबल चाललंय माझ्या!"

"तुझ्या बापाचं, तसं माझ्याही बापाचं. पण रेघ म्हणजे रेघ."

मला यातलं काय दिसलं? धुक्याच्या कडेने, गॉगलच्या कोपऱ्यातून, भिंतीवरच्या सावल्या. सगळ्यांचे हात हलत होते. मला वाटलं, कौतुक चाललंय. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक, तेही सावल्यांसकट... मी आणखी मन लावून कापलं.

शेवटची पट्टी झाली. पातं थांबलं. मी वळले आणि हात वर केला.

बाबा धावत आले. त्यांनी आधी माझे दोन्ही हात धरून बोटं पाहिली, उलटून पालटून, आणि मग खाली वाकून पट्ट्या पाहिल्या. सगळ्या पट्ट्या एकाच दिशेला झुकलेल्या, वाऱ्यात उभ्या असल्यासारख्या. दोन जोडल्या तर कोपरा होईना, नुसत्या एकापुढे एक लांबतच जायच्या. काकांना राहवलं नाही. ते म्हणाले, "असू दे गं, लाकूड दुसरं..." आणि आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. ते वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच अर्धं राहिलं.

मी तोपर्यंत कोपऱ्यातला झाडू उचलला होता. कुणी सांगायच्या आत. आत्याने तो काढून घेतला. "पुन्हा काप," ती म्हणाली. "चुकलेलं टोक काढून टाक. आखूड होईल, होऊ दे. मी शिंपीण आहे, आखूड झालेलं मला निभावता येतं."

या वेळी बाबा रेघेच्या बाहेरच राहिले, पण वळसा घालून माझ्या समोर येऊन उभे राहिले, म्हणजे गॉगल पुसून मान वर केली की ते दिसायचे. एक हात उजवीकडे, एक डावीकडे, चौकातल्या वाहतूक पोलिसासारखे. यंत्राचं तोंड मीच वळवलं, प्लग काढून. कोपरे असे बसले की केस जाणार नाही मधून. आता कुठे कापायचं त्याच्या पेन्सिलीच्या खुणा काकांनी करून दिल्या होत्या, आणि काकांनी त्या मापाच्या चुकीच्या बाजूला केल्या, म्हणून सगळं पुन्हा एकदा कापावं लागलं आणि चौकट आणखी आखडली, याबद्दल मात्र घरात कुणी बोलत नाही. बोलतात ते फक्त माझ्याबद्दल. "आम्ही ओरडत होतो की!"

आरसा काचवाल्याकडून कापून घ्यावा लागला. आत्याच्या दुकानात लावलाय, जाऊन बघा. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की डोकं दिसत नाही, गुडघ्याखाली पाय दिसत नाहीत. आत्या म्हणते, बरं झालं, तोंड दिसत नाही म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही. यंत्रावर मी आठवड्यातून एकदा असते, झाडू रोज असतो. आणि बाबा येता-जाता त्या आरशापुढे मला उभं करतात, हात खाली सोडायला सांगतात आणि समाधानाने मान हलवतात. कारण बाकी काही दिसो न दिसो, बोटं सगळीच्या सगळी दिसतात.