तळाच्या दहा स्क्रूंवरील लाल ठिपक्यांबाबत पुरवणी जबाब

शनिवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

मी, सोमवारच्या मूळ तक्रार अर्जात तक्रारदार म्हणून नाव नमूद असलेला इसम, वय ५३ वर्षे, व्यवसाय नोकरी (वजनमापे तपासनीस), राहणार कर्मचारी वसाहत, पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते. दुकानांतील तराजू व वजने तपासणे, बरोबर असल्यास सील लावणे आणि पुढच्या खेपेस ते सील जागेवर आहे की नाही हे पाहणे, असे माझे काम आहे. सील नसेल तर दुकानदाराचे म्हणणे आम्ही ऐकून घेतो, मानत नाही. ही नोकरी मी अठ्ठावीस वर्षे करीत असून तिचा परिणाम घरीही झालेला आहे. शेगडी, मिक्सर, भिंतीवरचे घड्याळ यांच्या स्क्रूंवर मी पत्नीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो, म्हणजे दुरुस्तीत कोणी आतला माल बदलला तर लगेच कळते. घरात फक्त आपल्यालाच ठिपका द्यायचा राहिला आहे, असे पत्नीचे म्हणणे आहे.

मागील वर्षी मुलीसाठी लॅपटॉप घेतला. घरी आणल्या दिवशीच त्याच्या तळाच्या दहाही स्क्रूंवर मी ठिपके दिले. नोकरीच्या जागी मुलीला दुसरा लॅपटॉप मिळाल्याने हा माझ्या वापरात आला. वॉरंटी संपल्याच्या नवव्या दिवशी, झाकण उघडत असता, डावी बिजागरी कडकन आवाज होऊन प्लास्टिकसह वर आली. लॅपटॉप पडला नव्हता, त्यावर कोणी बसलेही नव्हते.

कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात मी तीन वेळा गेलो. काउंटरवरील बाईंनी सांगितले, "बिजागरी सुटी येत नाही सर. झाकण, पडदा, बिजागऱ्या, सगळा सेट बदलावा लागतो."

मी विचारले, "दाराची बिजागरी तुटली म्हणून कोणी भिंत पाडतं का?"

त्या म्हणाल्या, "दाराला वॉरंटी नसते सर, म्हणून ते टिकतं." त्यांनी हे गंभीरपणे सांगितले की कसे, ते मला सांगता येत नाही. शेवटच्या खेपेस त्यांनी 'ग्राहकाकडून झालेली इजा' असा शेरा मारून कागद परत दिला. या शेऱ्याचा मला फार राग आला होता.

त्यानंतर मी लॅपटॉप मंडईमागच्या गल्लीतील दुरुस्तीवाल्यांकडे दिला. वय साठच्या पुढे. गल्लीत त्यांना स्क्रूकाका म्हणतात. त्यांनी दोन दिवसांत बिजागरी बसवून दिली आणि सांगितले, "दोन्ही हातांनी उघडा. आतलं प्लास्टिक म्हणजे बिस्किट आहे. डावी बाजू मी धरली आहे, उजवीचा भरवसा देत नाही." सहाव्या दिवशी उजवी बिजागरी निघाली. मी लॅपटॉप उलटा करून पाहिला. एकाही स्क्रूवर ठिपका नव्हता. मी दुसरा कसलाही विचार केला नाही.

सोमवारी मी येथे तक्रार दिली की सदर दुरुस्तीवाल्यांनी लॅपटॉपचा मूळ तळ व स्क्रू काढून घेऊन हलका माल बसवला. त्या अर्जात 'दुकानात देण्यापूर्वी मी दहाही ठिपके मोजले होते' असे वाक्य आहे. ते वाक्य खोटे आहे. मी मोजले नव्हते. कामावर मी मोजतो, म्हणून इथेही मोजलेच असणार असे धरून लिहिले.

मंगळवारी संध्याकाळी सव्वाआठ वाजता मुलीचा फोन आला. तिला आईकडून प्रकार समजला होता. ती म्हणाली, "बाबा, ते ठिपके मी पुसले. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, आईच्या रिमूव्हरने. लॅपटॉपला गोवर आल्यासारखं दिसत होतं. तो घेऊन मी चार माणसांसमोर बसू?" सदर मुलाखत वॉरंटी संपण्याच्या दोन महिने आधी झालेली आहे. मी तिला तेव्हा का सांगितले नाहीस असे विचारले. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही परत लावले असते." हे बरोबर आहे.

पत्नी म्हणाली, "उद्या सकाळी ठाण्यात जाऊन सांगून या." मी "बघू" म्हणालो.

त्यानंतर मी काय केले याबाबत विचारले असता सांगतो. बुधवारी मी कामावर गेलो. एका धान्य दुकानात तराजूचे सील नव्हते. दुकानदार म्हणाला, "साहेब, पुसताना निघालं असेल." मी नेहमीप्रमाणे पंचनामा केला. गुरुवारी या ठाण्याच्या फाटकापर्यंत आलो. दुरुस्तीवाले आत बाकावर, मांडीवर दुकानाची वही व डब्याची पिशवी घेऊन बसलेले दिसले. त्यांना रोज दहा वाजता हजर राहण्यास सांगितले होते, हे मला माहीत होते. मी परत फिरलो. शुक्रवारी त्यांच्या गल्लीतून गेलो. दुकान बंद होते. शेजारच्या शिंप्याने आपण होऊन सांगितले की एका शाळेतील अठ्ठावीस संगणकांच्या देखभालीचे काम काकांना मिळाले होते, पण पोलीस प्रकरण कानावर आल्याने मुख्याध्यापिकाबाईंनी ते थांबवले आहे. सोमवारपर्यंत काकांच्या बाजूचा पोलिसांचा कागद आला नाही, तर काम दुसऱ्याला जाईल. "कोणीतरी सरकारी माणूस आहे म्हणे तक्रार करणारा," शिंपी म्हणाला. मी "असेल" म्हणालो.

मी आज स्वतःहून आलो, असे लिहू नये. सकाळी पत्नी चप्पल घालून दारात उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही बसा. मी जाऊन सांगते. रिमूव्हर माझंच होतं." त्यानंतर मी आलो.

वरील हकिकत मी हवालदारांना दुरुस्तीवाल्यांच्या समोर सांगितली. त्यावर दुरुस्तीवाले म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तळ उघडला तर स्क्रूचे खांब पांढरे पडलेले, भोकात लाल रंग उतरलेला. रिमूव्हरनं प्लास्टिक खाल्लं होतं. तसं ते फार दिवस टिकणार नव्हतंच, या जातीचा माझ्याकडे आलेला हा पाचवा. पण घाई त्या रिमूव्हरनं केली."

हवालदारांनी विचारले, "मग काका, यांना तेव्हाच का नाही सांगितलं?"

"यांनी सेवा केंद्राची गोष्ट अर्धा तास सांगितली होती. यांचा आवाज ऐकला मी. म्हटलं, हे घरातल्या बाईनं नाही तर पोरीनं केलेलं असणार. घरी तिला ऐकून घ्यावं लागेल."

"अहो, पण इथे? चार दिवस बसलात."

"इथे सांगितलं असतं तर तुम्ही पोरीला बोलावलं असतं."



हवालदारांनी मला सुचवले, "साहेब, 'गैरसमजातून तक्रार झाली, आता आपसात मिटले आहे' एवढंच टाकू. तुम्हीही नोकरीतले. सुटसुटीत होईल." दुरुस्तीवाले म्हणाले, "लिहा काय लिहायचं ते. शाळेच्या बाईंना दाखवायला शिक्का असला म्हणजे झालं."

मी त्यास नकार दिला. असे कागद मी रोज वाचतो. 'आपसात मिटले' वाचले की मी दुकानदाराकडे जास्तच बारकाईने बघतो. मुख्याध्यापिकाबाईही तेच करतील. सबब असे नोंदवावे की, दुरुस्तीवाल्यांनी कोणताही भाग बदललेला नाही. त्यांचे काम चोख आहे, त्यांनी धरलेली डावी बाजू आजही धरून आहे. माझी तक्रार खोटी आहे. मंगळवारी संध्याकाळी सव्वाआठपर्यंत तो माझा गैरसमज होता. त्यानंतर नव्हता. याची प्रत त्यांना आजच मिळावी. माझ्या कार्यालयास कळवायचे झाल्यास माझी हरकत नाही.

हा जबाब माझ्या सांगण्यावरून टंकलिखित करून मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी दुरुस्तीवाले शेजारी बसून होते. मंगळवारचे वाक्य आल्यावर हवालदार थांबले आणि ते ठेवायचे ना, असे विचारले. मी ते पुन्हा वाचायला सांगितले. दोन्ही वेळा ते बरोबर होते.

सही