बिशपची अट

— नाही हो काका, दाढी राहू द्या काढलेली, चहा प्या आरामात, मी काही फोटो काढायला आलेले नाही. माझी मुलगी बाहेर तुमच्या, म्हणजे सांताक्लॉजच्या, रांगेत आहे, तिच्या मावशीबरोबर, सहा वर्षांची, पिवळा स्वेटर. तिचा नंबर लागायच्या आत तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत. काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही — डोक्यात एकच भुंगा, की ही तुमच्यापुढे उभी राहून म्हणणार, "तुम्ही तर मेलात ना?" हसू नका. म्हणेल. वर्गात म्हणून झालंय तिचं. निम्मा वर्ग रडला, बाईंनी मला बोलावून घेतलं, आणि पालकांच्या ग्रुपवर तर — जाऊ दे.

चूक कोणाची? माझीच. तिने विचारलं, सांताक्लॉज खरा असतो का. दुसरी कुठली आई "हो गं बाई, झोप आता" म्हणून मोकळी झाली असती. पण मी शिकलेली ना! मुलांशी खोटं बोलू नये, असं वाचलंय मी — खाली रेघ मारून. म्हणून बसले शोधत, आणि सांगितलं सगळं. की सतराशे वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या एका गावात निकोलस नावाचा बिशप होता, म्हणजे चर्चचा मोठा धर्मगुरू. तिथे एक माणूस पार कंगाल झालेला, पदरी तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत. तर हा रात्री गुपचूप त्यांच्या खिडकीतून सोन्याच्या नाण्यांची पिशवी आत टाकायचा — देणाऱ्याचं नाव नको, घेणाऱ्याला लाज नको. निदान गोष्ट तरी अशी सांगतात. मग खलाशांनी ती बंदरोबंदरी नेली, पोरं त्याच्यासाठी बूट मांडून ठेवायला लागली, समुद्रापार गेल्यावर कवींनी हरणं जुंपली, चित्रकारांनी पोट वाढवलं — तुमचं नाही हो, त्याचं. इतकं रंगवून सांगितलं मी! आणि बाईसाहेब काय विचारतात? "म्हणजे तो मेला?" मी म्हटलं, हो, कधीच. खरं बोलायची हौस दांडगी!

तर तुम्ही एवढंच करा. हे खोकं तुमच्या पोतडीत ठेवा, आणि ती आली की म्हणा, तुझ्या बाबांनी पाठवलंय. बस. मेला-बिला विषय निघालाच तर खोकला काढा. — नाही, ते नाही येणार. ते दुसऱ्या शहरात असतात. कामाला. म्हणजे कामाला म्हणून गेले होते, आता तिथेच — असतात. फोन करतात की. करायचे. पण वस्तू येते हं त्यांची, वाढदिवसाला, शाळा सुरू होताना... म्हणजे मीच आणते, मीच बांधते, मीच दाराबाहेर ठेवून मीच बेल वाजवते. असं बघू नका. माहितीये मला, खाली रेघ मारणारी मीच. पण बिशपचं खोटं चालतं आणि माझं नाही, असं कसं? आणि पोरगी तर आता हवालदारच झालीये — परवा खोक्यावरची चिकटपट्टी निरखत बसली आणि म्हणते, "बाबापण पट्टी दातानेच तोडतात का गं, तुझ्यासारखी?" म्हटलं, सगळेच तोडतात.

म्हणून तर तुमच्याकडे आले. तुमच्या हातून मिळालं की शंकाच नको. आत्ता निघतानासुद्धा, दारात बूट घालता घालता, पुन्हा तेच — "आई, त्या बिशपला कोणी पकडलं नाही?" म्हटलं, पकडलं ना, शेवटच्या पिशवीला मुलींचा बाप जागाच राहिला, धावत जाऊन गाठलं. "मग?" मग काय, बाप पाया पडला, आणि बिशपने अट घातली, मी जिवंत आहे तोवर हे कोणाला सांगायचं नाही. तर म्हणते, "मग मीपण नाही सांगणार." मी किल्ली शोधत होते, म्हटलं, शहाणी गं माझी, आवर आता —

थांबा.

द्या ते खोकं इकडे. नको, पोतडीत नको. काही सांगू नका तिला, नुसतं हसा — दाढी लावा, काका, आलीच ती. मी नीट ऐकलंच नव्हतं हो. किल्ली शोधता शोधता विचारलंसुद्धा होतं, कोणाला नाही सांगणार गं? आणि ती नाडी ओढत, वर न बघता म्हणाली, "कोण्णालाच नाही. बाबांनासुद्धा."