सहावी चावी

सारिका : पाचच आहेत, सर. सहा हव्यात.

प्रदीप : परत मोज.

सारिका : तीनदा मोजल्या. पिशवीत स्क्रूची सगळ्यात बारकी चावी नाही. मघाशी डाव्या मोटरचा स्क्रू पिळला, तेव्हा होती.

प्रदीप : मग फवारणीचा ड्रोन उडणार नाही.

हनुमंत आबा : आरं प्रदीप, काडीएवढी चावी ती. नऊला वारं सुटंल, मग तूच म्हनशील औषध उडतंय. तिकडं भातावरचा करपा रोग माज्या समद्या खाचरात पसरलाय.

प्रदीप : ती सांगाड्यात अडकली असेल तर हादऱ्यानं पात्यात जाईल, आबा. मग ड्रोन तुमच्या भातात पडेल नाहीतर तुमच्या डोक्यात.

हनुमंत आबा : म्हनून म्हनत हुतो, तू उडीव. वीस वर्सं नेव्हीत हेलिकॉप्टर उडवलंस. मंग समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर मानसं न्हेलीस. आन हितं गावाला, वडिवळ्यात आल्यावर शालनच्या ह्या पोरीच्या हातात रिमोट?

सारिका : कालच लायसन्स आलंय माझं, आबा.

हनुमंत आबा : लायसन आलं आन चावी गेली.

(सारिका बांधावर बसून चिखल चाचपू लागते.)

सारिका : सर, सापडली की तुम्हीच उडवा. माझं पहिलं उड्डाण राहू दे. चूक माझी आहे.

प्रदीप : चावी गेलीय का, असं मी विचारलं होतं?

सारिका : नाही.

प्रदीप : मग का सांगितलंस?

सारिका : आकडा जुळला नाही. न सांगून तो कसा जुळणार?

प्रदीप : मला तुझ्या वयात हे जमलं नव्हतं.

हनुमंत आबा : तुला?

प्रदीप : जहाजावर होतो तेव्हा. हेलिकॉप्टरमधून उतरलो आणि पाहिलं, खिशात पेन नाही. साधं पेन. त्याच्यासाठी उड्डाण थांबवायचं म्हणजे सगळे हसतील, म्हणून बोललो नाही. दुसरा पायलट आत बसला, पट्टे आवळले. पाती फिरायला लागल्यावर मात्र पळत जाऊन थांबवलं.

सारिका : मिळालं पेन?

प्रदीप : पायातल्या पेडलखाली. उडाल्यावर पेडल दाबलं गेलं नसतं.

हनुमंत आबा : सायेबानं झापला आसंल.

प्रदीप : नाही. एवढंच विचारलं, चार मिनिटं का थांबलास? त्यापेक्षा झापलं असतं तर बरं होतं. पुढे कितीतरी पोरं शिकवली. हरवलं म्हणून कुणाला बोललो नाही, लपवलं म्हणून बोललो.

सारिका : या बाजूला नाहीच, सर. बॅटरीच्या पेटीखाली बघते.

प्रदीप : थांब, पेटी मी उचलतो.

हनुमंत आबा : सारिका.

सारिका : काय आबा?

हनुमंत आबा : ऊठ चिखलातनं. चावी माज्या खिशात हाय.

सारिका : तुमच्या?

हनुमंत आबा : माज्या पाठीवरच्या पंपाची तोटी तुंबलीती. ती कोराय चावी घेतली आन खिशात टाकली. तू पयल्यांदा मोजलं तवाच ध्यानात आलं.

सारिका : मग बोलला का नाहीत?

हनुमंत आबा : म्हनलं, हिची चूक ठरली तर प्रदीप उडवंल.

प्रदीप : सांगितलंत ते बरं झालं, आबा.

हनुमंत आबा : चार मिन्टांच्या वर झाली आसतील.

प्रदीप : पंधरा झाली. वारं अजून पडलेलंच आहे. सारिका, काय करायचं?

सारिका : आधी मोजायचं, सर. आणि आबा, बांधाच्या पलीकडं उभं राहायचं.

हनुमंत आबा : राहतो. पर ती पिशवी हिकडं दे.

सारिका : कशाला?

हनुमंत आबा : आता मी मोजतो. येक, दोन, तीन, चार, पाच. आन ही सा. उडीव, बाय.